पंचवटीतला टीव्ही वारज्यात: कामाच्या नोंदी

५ जुलै

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. ताईला मुलगी झाली म्हणून आई दिवाळीपर्यंत पुण्याला, वारज्यात राहणार आहे. बाबा आणि मी इथे नाशिकला, पंचवटीत. ताईकडे केबल नाही, डिश नाही. अँड्रॉइड टीव्ही आहे, वायफाय आहे आणि सगळं ॲपवर चालतं. मालिका, सह्याद्रीच्या बातम्या, कीर्तनं आईला तिथे बसल्या जागी मिळतात. मिळत नाही ते एकच: आपल्या केबलवाल्यांचं स्थानिक चॅनेल. गंगेला (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पाणी आलं की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं, रामकुंडावरची संध्याकाळची आरती, उद्या कुठल्या भागात नळाला पाणी नाही, कुठल्या मंडळानं काय देखावा केला. फोनवर ती रोज हेच विचारते आणि बाबा रोज अर्धंच सांगतात.

हे चॅनेल कुठल्याच ॲपवर नाही. ते फक्त केबलच्या बॉक्समधून बाहेर पडतं आणि बॉक्स आपल्या हॉलमध्ये आहे. तेव्हा बॉक्समधलं चित्र वारज्याच्या टीव्हीवर उमटलं पाहिजे आणि चॅनेलही तिथूनच बदलता आलं पाहिजे, आईच्या हातातल्या रिमोटनं. लॅपटॉप उघडा, लिंक दाबा, पासवर्ड टाका असलं काही तिच्या वाट्याला येता कामा नये. मुदत अनंत चतुर्दशी. विसर्जनाची मिरवणूक ती चुकवत नाही.

६ जुलै

यंत्र तयार मिळतं का ते पाहिलं. एकेकाळी मिळत होतं. स्लिंगबॉक्स. अमेरिकेत ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन या भावांना बाहेरगावी असताना सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे बेसबॉलचे सामने बघता येईनात, त्यातून ही कल्पना निघाली. पहिला बॉक्स २००५ च्या जूनअखेर बाजारात आला. घरच्या सेट-टॉप बॉक्सची एव्ही वायर त्यात लावायची, एक इन्फ्रारेड दिवा बॉक्ससमोर चिकटवायचा आणि जगात कुठेही बसून आपलाच टीव्ही बघायचा. नेमकं हेच मला हवं आहे. २००७ मध्ये एकोस्टारनं ती कंपनी सुमारे ३८ कोटी डॉलरना घेतली. २०२० मध्ये विक्री थांबली आणि ९ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीचे सर्व्हर बंद झाले.

इथे मी बराच वेळ थांबलो. चित्र घरातून निघून बघणाऱ्याकडे जात होतं, बॉक्स लोकांच्या घरात होता, पैसे देऊन घेतलेला होता, धडधाकट होता. तरी ज्या दिवशी सर्व्हर गेले त्या दिवशी तो निकामी झाला. कारण ॲप उघडलं की आधी कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन व्हायचं आणि माझा बॉक्स कुठे आहे हे तिथूनच कळायचं. पुढे काही हौशी लोकांनी त्या बॉक्सशी थेट बोलणारा स्लिंगर नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि आपापले बॉक्स पुन्हा चालू केले. यंत्रात काहीच बिघडलेलं नव्हतं याचा तो पुरावाच.

तेव्हा माझी मुख्य अट इथेच ठरली. साखळीतला प्रत्येक तुकडा असा हवा की तो उद्या बंद पडला तर त्याच्या जागी दुसरा बसवता येईल, आणि मधे कुणाच्या लॉगिनची परवानगी लागता कामा नये. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक घरात पडून आहे. त्यावरच करायचं.

१२ जुलै

आत चित्र घ्यायचं कुठून? बॉक्सला एचडीएमआय आहे, पण त्यातून येणारं चित्र एचडीसीपीनं, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या तंत्रानं, कुलूपबंद असतं. ते कुलूप तोडणारी यंत्रं बाजारात मिळतात. मला त्या वाटेनं जायचं नाही. बॉक्सच्या मागे साधं एव्ही आउटही आहे, आणि स्थानिक चॅनेलचं चित्र तसंही एसडीच, जुन्या साध्या दर्जाचं असतं. बाबांचा टीव्ही एचडीएमआयवर राहील, एव्ही मोकळंच होतं.

एम. जी. रोडवरून दोन वस्तू आणल्या: एव्हीचं चित्र संगणकात घेणारा यूएसबी कॅप्चर डोंगल आणि एव्ही केबल. डोंगलबद्दल लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोग होईल. ईझीकॅप नावानं विकले जाणारे डोंगल बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात, आत मात्र चार वेगवेगळ्या चिप असू शकतात. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, खोक्यावर लिहिलेलं नसतं. दुकानातच लॅपटॉपला लावून यूएसबीचा आयडी पाहिला. ०५ई१:०४०८ आला म्हणजे आत एसटीके११६० ही चिप. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे. दुकानदारानं खळखळ न करता तीन-चार डोंगल लावून बघू दिले.

केबलनं मात्र संध्याकाळ खाल्ली. बॉक्सच्या मागचं एव्ही म्हणजे साडेतीन मिलिमीटरचं एकच भोक, त्यातून पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिना फुटतात. ही चार कड्यांची जॅक सगळ्या कंपन्या एकाच क्रमानं जोडत नाहीत. कुणाचं ग्राउंड तिसऱ्या कडीवर असतं तर कुणाचं चौथ्या. क्रम जुळला नाही की चित्राऐवजी नुसता घुंईऽऽ आवाज येतो, किंवा चित्र लोळत राहतं. मल्टिमीटर लावून कडी न् कडी तपासली, मग एक पिन कापून स्वतः झाळली. चित्र स्थिर आलं. रंगही चांगले आहेत.

१३ जुलै

डोंगलमधून कच्चं चित्र येतं ते ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी. हिशोब केला तर सेकंदाला साधारण २१ मेगाबाइट, म्हणजे १६६ मेगाबिट. इंटरनेटवरून हे पाठवणं शक्य नाही आणि गरजही नाही. पाय ४ मध्ये एच.२६४ चा, म्हणजे चित्र दाबून लहान करणारा, हार्डवेअर एन्कोडर आहे. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅमला तो वापरायला सांगितलं आणि १.२ मेगाबिटवर आणलं. प्रोसेसर जवळजवळ रिकामा. (पाय ५ नवा आणि वेगवान असला तरी त्यातून हा एन्कोडर काढून टाकला आहे. या कामासाठी मुद्दाम पाय ५ विकत घेऊ नये.)

एक बारीक गोष्ट. टीव्हीचं हे जुनं चित्र इंटरलेस असतं: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या, असं सेकंदाला ५० वेळा. ट्यूबच्या टीव्हीवर ते डोळ्यांना सलग दिसायचं. सपाट पडद्यावर तसंच पाठवलं तर हलणाऱ्या वस्तूच्या कडांना फणीचे दाते फुटतात. बातमीच्या पट्टीवरची सरकती अक्षरं तर वाचताच येईनात, आणि आई ती पट्टी वाचते. म्हणून एन्कोड करण्याआधी यादिफ नावाचा फिल्टर लावला. त्यानंतर पट्टी स्वच्छ. आवाज धरून तासाला साधारण ५८० मेगाबाइट जातील.

१९ जुलै

आज रिमोट. हा सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग.

टीएसओपी१७३८ हा इन्फ्रारेड रिसीव्हर पायला जोडला, बॉक्सच्या रिमोटचं एकेक बटण त्यासमोर दाबलं आणि आयआर-सीटीएल या लिनक्सच्या प्रोग्रॅमनं नोंदवून घेतलं. फाइलमध्ये एकाखाली एक आकडे उतरतात: दिवा किती मायक्रोसेकंद लागला, किती विझला. जवळजवळ सगळे आकडे ८८९ च्या किंवा १७७८ च्या आसपास. हे दोन आकडे दिसले की समजायचं, फिलिप्सनं काढलेली आरसी-५ पद्धत. १४ बिटांचा एक निरोप, एकेक बिट १.७७८ मिलिसेकंदाचा.

पाठवण्यासाठी २एन२२२२ ट्रान्झिस्टर, ३३ ओहमचा रोध आणि एक इन्फ्रारेड एलईडी. पायच्या पिनेवरून थेट एलईडी चालवू नये. पीन जेमतेम १६ मिलिॲम्पियर देते आणि दिव्याला त्या क्षणापुरते १०० लागतात. दिवा लागतो की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतो.

बॉक्सनं पहिल्याच वेळी ऐकलं. ८ दाबला गेला, ५ दाबला गेला. पण आपलं स्थानिक चॅनेल ८५५ वर आहे आणि बॉक्स ८५ वरच थांबत होता. मधलं अंतर वाढवलं, कमी केलं, दिवा जवळ नेला. शेवटचा ५ काही केल्या घेईना. ७४२ मात्र बिनचूक लागत होतं.

उत्तर त्या १४ बिटांतच होतं. आरसी-५ मध्ये तिसरा बिट उलटसुलट होतो. बटण एकदा दाबलं की तो ०, सोडून पुन्हा दाबलं की १. बटण दाबून धरलं तर तो बदलत नाही. बॉक्सला यावरून कळतं की माणसानं ५ दोनदा दाबला की एकदाच दाबून धरला. मी एकच नोंद दोनदा पाठवत होतो, म्हणून त्याला वाटत होतं की बोट अजून ५ वरच आहे. प्रत्येक आकड्याच्या दोन नोंदी घेतल्या, एक ० वाली, एक १ वाली, आणि आळीपाळीनं पाठवल्या. ८५५ लागलं. कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी एका बिटात ही सोय करून ठेवली आणि ती अजून रोज घराघरात चालू आहे, याचं मला फार कौतुक वाटलं. बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तो दिवा लुकलुकताना पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे रिमोटसुद्धा मोजून बोलतो."

२० जुलै

आता हे सगळं एका जागी बांधायचं. त्यासाठी टीव्हीहेडएंड घेतलं. मुक्त सॉफ्टवेअर आहे, घरच्या टीव्हीचा सर्व्हर म्हणूनच लिहिलेलं. त्यात एक फार उपयोगी सोय आहे: चॅनेल म्हणून एखाद्या प्रोग्रॅमचं आउटपुटही देता येतं. प्रत्येक चॅनेलला मी एक छोटी स्क्रिप्ट लावली. चॅनेल उघडलं की स्क्रिप्ट आधी इन्फ्रारेडवरून आकडे पाठवते, दोन सेकंद थांबते, मग एफएफएमपेग सुरू करते. बघणाऱ्याला फक्त यादी दिसते आणि यादीतलं चॅनेल लागतं. बॉक्स एकच आहे म्हणून एकावेळी एकच चॅनेल, तशी मर्यादा सेटिंगमध्ये घातली. स्थानिक, दोन भक्तीची, एक मराठी चित्रपटांचं. यादी एवढीच ठेवली.

२६ जुलै

घरातल्या घरात सगळं चालतं. आता घराबाहेर.

लोकांचा समज असा की अपलोडचा वेग कमी पडेल. फायबर आल्यापासून तो प्रश्न उरलेला नाही, १.२ मेगाबिट म्हणजे किरकोळ. खरी अडचण पत्त्याची. राउटरच्या पानावर गेलो तर बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० नं सुरू होणारा. आयपी पत्ता दाखवणाऱ्या साइटवर पाहिलं तर तिथे भलताच. म्हणजे आपण सीजीनॅटच्या, अनेक घरांत वाटलेल्या एकाच पत्त्याच्या, मागे आहोत.

हे काय ते लिहितो, कारण घरचा टीव्ही किंवा कॅमेरा बाहेरून बघू पाहणारे बरेच जण इथेच अडकतात आणि राउटरला दोष देत बसतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे जगभरात मिळून साधारण ४२९ कोटी. आशियाच्या वाट्याचे एप्रिल २०११ मध्ये संपत आले, शेवटच्या राखीव गठ्ठ्याला हात लागला. त्यामुळे इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात आणि आतल्या घरांना १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातले खासगी पत्ते वाटतात. हा पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम याच कामासाठी राखून ठेवला गेला. घरातून बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला याचा काही त्रास नाही. बाहेरून आत यायचं तर दारावरच कळत नाही की निरोप कुणाच्या घरचा. आपल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेला निरोप घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवणं) कितीही नीट केलं तरी निरोप तिथवर पोचतच नाही.

कंपनीला फोन केला. स्थिर पत्ता मिळतो, पण दरमहा वेगळे पैसे, आणि तोही धंद्याच्या प्लॅनवर. नको.

टेलस्केल नावाची सेवा लावून पाहिली. दोन्हीकडे ॲप टाकलं, लॉगिन केलं की दोन यंत्रं एकमेकांना सापडतात. खरंच सुंदर काम आहे, मोबाइलवर चहा निवायच्या आत चित्र आलं. ज्याला एवढंच हवं त्यानं तेच वापरावं. पण पुन्हा तेच: माझा बॉक्स कुठे आहे हे सांगणारा सर्व्हर दुसऱ्या कुणाचा. चाचणीसाठी ठेवलं.

२ ऑगस्ट

शेवटी मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्वांत लहान व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा संगणक घेतला आणि त्यावर वायरगार्ड, म्हणजे दोन यंत्रांमध्ये कुलूपबंद बोगदा उभारणारा प्रोग्रॅम. २०२० च्या मार्चपासून, म्हणजे ५.६ पासून, ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. पाय आतून बाहेर मुंबईला जोडणी करतो, वारज्याचा टीव्हीही आतून बाहेर मुंबईला. दोघांनाही बाहेरून कुणी आत यायची गरजच नाही, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. दर २५ सेकंदांनी पाय एक रिकामा निरोप पाठवतो, म्हणजे मधली वाट मिटत नाही.

व्हीपीएस हेही दुसऱ्याचंच यंत्र आहे, हे मला कळतं. फरक असा की त्यावर माझं काही साठवलेलं नाही. दोन किल्ल्या आणि दहा-बारा ओळींची एक फाइल. ती कंपनी उद्या बंद झाली तर दुसऱ्या कुणाकडे तीच फाइल टाकायची, दोन्हीकडे एक पत्ता बदलायचा, काम पुढे चालू. चित्र तिथून कुलूपबंद अवस्थेतच जातं असं मात्र नाही, मधल्या यंत्रावर एक कुलूप उघडून दुसरं लागतं. म्हणून तिथे बाकी काहीही चालवत नाही, आणि टीव्हीहेडएंडचं ९९८१ पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवलेलं नाही. ते फक्त या बोगद्याच्या आतून दिसतं, तेही पासवर्ड लावून.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. पुण्याला आलो. ओवाळणी झाली, जेवणं झाली, मग टीव्हीसमोर बसलो.

ताईच्या टीव्हीवर वायरगार्ड आणि कोडी हे चित्र दाखवणारं ॲप टाकलं. वायरगार्डमध्ये फक्त आपल्या बोगद्याचे पत्ते घातले, म्हणजे ताई-दाजींची बाकीची ॲप नेहमीसारखी सरळ चालतील, त्यांचा एक बाइटही मुंबईमार्गे जाणार नाही. टीव्ही चालू झाला की बोगदा आपोआप उभा राहतो. कोडीत टीव्हीहेडएंडचं ॲड-ऑन, आणि उघडताच शेवटचं चॅनेल लागेल अशी सेटिंग. कोडीचं चित्र होम स्क्रीनवर अगदी पहिलं आणून ठेवलं. दाजींनी त्याला नाव दिलं "नाशिक".

आईला दाखवलं: नाशिक दाबायचं, बस. वर-खाली बाणांनी चॅनेल. तिनं दाबलं. आठेक सेकंद गोल फिरलं आणि आपलं चॅनेल लागलं, मेनरोडच्या खड्ड्यांबद्दल कुणीतरी बोलत होतं. आई बाळाला मांडीवर घेऊन पट्टी वाचत बसली. नंतर बाबांना फोन लावला, "अहो, आपल्याकडे उद्या पाणी उशिरा येणार आहे, भरून ठेवा."

१४ ऑगस्ट

अपेक्षित अडचण आलीच. बॉक्स एक आणि बघणारे दोन गावांत. आईनं वारज्यात कीर्तनाचं चॅनेल लावलं की इथे बाबांच्या समोरच्या बातम्या जाऊन कीर्तन लागतं. स्लिंगबॉक्समध्येही हेच व्हायचं, बॉक्स एकच असेल तर दुसरं काही होऊच शकत नाही.

दुसरं कनेक्शन घेऊन वेगळा बॉक्स ठेवावा असं मी म्हणालो. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "नको. ती इथे असताना तरी दोन टीव्ही कुठे होते? तिला हवं तेव्हा तिनं लावावं. मॅच असेल तेव्हा मी फोन करून सांगीन." तसंच ठरलं. आता सात ते नऊ आईचे. फोन चालू ठेवून दोघं एकच कार्यक्रम बघतात. चित्र तिकडे पाच-सहा सेकंद उशिरा पोचतं. आरतीत इकडचा घंटानाद आधी फोनवरून ऐकू येतो, मग तिच्या टीव्हीत. तिनं ते स्वीकारलंय.

१७ ऑगस्ट

बाबांची बाजूही सोडवायला हवी होती. गच्चीवर डीडी फ्री डिशची जुनी छत्री आहे. केबल आल्यापासून बंद होती. २००४ च्या डिसेंबरमध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झाली, दरमहा पैसे नाहीत, आणि बरीच चॅनेलं उघडी येतात. उघडी म्हणजे ट्यूनरनं थेट घेता येतात, कॅप्चर नको, रिमोट नको.

उपग्रह जीसॅट-१५, पूर्वेला ९३.५ अंशांवर. नाशिकहून हिशोब केला तर दिशा आग्नेय, उत्तरेपासून साधारण १३४ अंश, आणि क्षितिजापासून ५७-५८ अंश वर. आग्नेयेला शेजारच्यांचं नारळाचं झाड या काही वर्षांत वाढलंय, म्हणून छत्री गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवली. छत्रीसमोरचा सिग्नल घेणारा डबा, एलएनबी, दोन तोंडांचा बसवला: एक वायर बाबांच्या फ्री डिश बॉक्सला, दुसरी पायच्या यूएसबी ट्यूनरला. दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. ट्यूनरमध्ये सिम्बॉल रेट (सिग्नलचा वेग) २९५०० घातला. सह्याद्री लागलं. वायरीच्या टोकाच्या एफ-कनेक्टरवर सेल्फ-ॲमल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळली आणि वायरीला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून उतरून कनेक्टरात न शिरता झोळाच्या टोकावरून गळतं. नाशिकच्या पावसात हे केलंच पाहिजे.

जोराची सर आली की चित्र तुटतं. या लहरींची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर, पावसाचे थेंब त्यांना पितात. त्याला इलाज मोठी छत्री. पाचेक मिनिटांचा प्रश्न आहे, राहू दे. आता केबल आईकडे असताना बाबा फ्री डिशवर बातम्या बघतात.

२३ ऑगस्ट

दोनदा सकाळी आईचा फोन: "नाशिक लागत नाही." कारण एकच. बाबा रात्री झोपताना टीव्हीच्या बोर्डावरची सगळी बटणं बंद करतात. चाळीस वर्षांची सवय आहे आणि ती चांगली सवय आहे, मी ती मोडायला सांगणार नाही. बॉक्स, पाय आणि राउटर वेगळ्या बोर्डावर, इन्व्हर्टरच्या लाइनवर नेले. बोर्ड बाबांनीच बसवला.

वीज जाऊन आली की बॉक्स झोपलेलाच उठतो. पॉवरचं बटण चालूला आणि बंदला एकच, त्यामुळे स्क्रिप्टनं आंधळेपणानं ते दाबलं तर चालू बॉक्स बंद व्हायचा. आता स्क्रिप्ट आधी डोंगलमधून चित्र येतंय का बघते. पूर्ण काळं असेल तरच पॉवर दाबते आणि बॉक्स उठेपर्यंत थांबते.

मेमरी कार्ड सतत लिहून लिहून मरतं, म्हणून नोंदी रॅममध्ये वळवल्या.

३० ऑगस्ट

मावसभाऊ परदेशात आहे. त्याला कळलं, तो लिंक मागतोय, "गणपती बघायला". प्रेमानं नाही म्हणालो. कनेक्शन बाबांच्या नावावर, आमच्या घरासाठी घेतलेलं. तेच चित्र आमच्याच घरची माणसं दुसऱ्या गावातून बघतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात खासगी, वैयक्तिक वापराला जागा ठेवली आहे. आमचा वापर तेवढाच राहिला पाहिजे. आज त्याला दिली की उद्या त्याच्या मित्राला, आणि मग मी फुकटचा केबलवाला झालो. ज्यांचं चॅनेल आहे ती मुलं खांद्यावर कॅमेरा घेऊन मिरवणुकीत दहा-बारा तास चालतात, त्यांचं पोट त्यावर आहे. त्यांना मी फोन करून सुचवलं की विसर्जन तुम्हीच थेट यूट्यूबवर दाखवा, बाहेरगावचे नाशिककर बघतील. म्हणाले, विचार चालू आहे.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. दुपारी वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली तेव्हापासून आईचा टीव्ही चालू होता. पहिले दोन तास व्यवस्थित. संध्याकाळी ढोलपथकं आली आणि चित्राचे चौकोन पडू लागले.

पाय तापला असेल म्हणून पाहिलं, नव्हता. वाट अडली असेल म्हणून पाहिलं, निरोप हरवत नव्हते. मग पडद्याकडे नीट पाहिलं. उधळलेला गुलाल, शेकडो हलणारे हात, लाइटिंग, सगळा पडदा एकदम बदलतोय. बातम्यांत निवेदकाचं तोंड आणि पट्टी एवढंच हलतं, तिथे १.२ मेगाबिट भरपूर. प्रत्येक ठिपका हलतो तेव्हा एन्कोडरला आधीच्या चौकटीतून उचलायला काहीच उरत नाही. दर २.५ मेगाबिट केला, स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली, चौकोन गेले. रविवार कारंजावर आमच्या गल्लीतली पोरं ढोल वाजवत होती. त्यांतल्या एकाला आईनं ओळखलं, फोनवर बाबांना त्याचं नाव सांगितलं. बाबा म्हणाले, "थांब, मला अजून..." आणि मग म्हणाले की आपल्याकडे तर तो केव्हाच पुढे गेला.

दर आता २ मेगाबिटवर कायम ठेवला. तासाला साधारण ९४० मेगाबाइट, ताईच्या प्लॅनला सहज झेपतं.

२१ सप्टेंबर

उद्या घट बसतील, कालिकेची यात्रा सुरू होईल, चॅनेल दिवसभर तिथूनच दाखवेल. त्याआधी राहिलेली कामं.

आयपीव्ही६ वर, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांवर, मुंबईला वळसा न घालता थेट जाता येतं का ते पाहिलं. आपल्या फायबरवर आयपीव्ही६ मिळतो, आईच्या मोबाइलवरही मिळतो. मोबाइल ते घर थेट बोगदा जमला, मधलं यंत्र नाहीच. ताईच्या वायफायवर मात्र अजून आयपीव्ही६ नाही, म्हणून टीव्हीसाठी मुंबईची वाट ठेवली. मोबाइलमध्ये दोन्ही बोगदे आहेत, एक बंद पडला तर दुसरा.

टेलस्केल काढून टाकलं.

मेमरी कार्डची पूर्ण नक्कल दुसऱ्या कार्डावर केली. वायरगार्डच्या फाइली, चॅनेलचे आकडे, कुठली वायर कुठे, हे सगळं वहीत लिहून वही टीव्हीखालच्या कपाटात ठेवली. मी कंपनीच्या कामाला बाहेरगावी असेन तर बाबांना जमलं पाहिजे, म्हणून आज त्यांच्याकडूनच करून घेतलं: वायर काढली, जुनं कार्ड बाहेर, नवं आत, वायर लावली. हिरवा दिवा लुकलुकला. त्यांनी आईला फोन लावला आणि नाशिक दाबायला सांगितलं. लागलं. जुनं कार्ड वहीच्या कव्हरमध्ये चिकटवून ठेवलंय. पुढची नक्कल दिवाळीच्या आधी.